काठीचं घुंगरू

२ मार्च, शनिवार

बाबांचं ते पडणं कितीला गेलं ते आज मांडलं. दवाखाना, मनगटाचं प्लास्टर, गाडीच्या खेपा मिळून एकतीस हजार. दोन दिवस दुकान बंद राहिलं, त्यात एका आख्ख्या बंगल्याच्या फरशीचं काम हातचं गेलं. ते धरलं तर दीड लाखाच्या घरात. बाबांचे सहा आठवडे धरले नाहीत. त्यांना कुठं जायचं असतं!

घसरले ते माझ्याच दुकानातून नेलेल्या फरशीवर. आरशासारखी चकाकी, दुकानावरच्या आमच्या घरातल्या न्हाणीघरात मीच लावलेली. बायको म्हणते, "अहो, आधी ती फरशी काढा." काढू कशी? निम्मी गिऱ्हाइकं वर नेऊन ती दाखवली की मगच पटतात.

५ मार्च, मंगळवार

न्हाणीघरात स्टीलचे दांडे बसवले — एक कमोडशेजारी, एक दारापाशी. पायपुसणी हद्दपार. बाबांची सैल झालेली चप्पल फेकली, तर दिवसभर तोंड पाडून बसले.

संध्याकाळी कठड्याची खाट आली. इस्पितळात असते तसली, दोन्ही बाजूंना गज. घडी करून त्यांच्या पलंगासमोरच उभी केली. म्हटलं, "बाबा, पुन्हा पडलात की मुक्काम हिच्यात. मग खाली उतरणं कायमचं बंद."

"अरे, मी काय मुद्दाम पडतो?"

"म्हणून तर तुमची सोय केली."

सगळे हसलो. म्हणजे आई आणि बाबा सोडून.

८ मार्च, शुक्रवार

डॉक्टर म्हणाले, नुसतं बसवून ठेवू नका, पाय चालते राहिले तर तोल राहतो. ठरवून टाकलं: खोलीतल्या खोलीत वीस फेऱ्या सकाळी, वीस संध्याकाळी. चुकारपणा नको म्हणून किल्ल्यांच्या जुडग्यातलं घुंगरू काढून त्यांच्या काठीला बांधलं. खाली गल्ल्यावर बसून स्लॅबमधून स्वच्छ ऐकू येतं. महिनाअखेरपर्यंत न पडता चालले तर एक तारखेपासून फाटकाशी खुर्ची टाकून बसायची परवानगी.

"एक तारीख. नक्की ना?" बाबांनी दोनदा विचारून घेतलं.

१४ मार्च, गुरुवार

एका गिऱ्हाइकाला आज मजा दाखवली. फरशीवर नाणं वाजवून तिच्याखाली कुठं पोकळ आहे ते मी सांगतो, हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे. आज छताकडे बोट केलं. "आता वडील भिंतीपाशी वळले. आता भार डाव्या पायावर." गिऱ्हाईक बघतच राहिलं. म्हटलं, "साहेब, सिमेंटच्या पाट्या वाहता वाहता हे कान तयार झालेत. यांना फसवणारा अजून जन्माला यायचाय."

काम मिळालं.

१९ मार्च, मंगळवार

सकाळी दुकानात फरशी कापायचं यंत्र चालू होतं. बंद केलं तर वर घुंगरूही बंद. जिन्यातून ओरडलो, "बाबा, अकराच झाल्यात. खाट उघडू का?"

जरा वेळ गेला आणि सुरू झालं. उरलेल्या नऊ फेऱ्या झरझर. माणसाला धाक हवाच.

२३ मार्च, शनिवार

वर डोकावलो. बाबा पांघरूण घेऊन पडलेले, तोंड भिंतीकडे.

"झाल्या वीस?"

"झाल्या," आई म्हणाली.

दमले असावेत. खोलीभर फिनेलचा वास. आई म्हणे हल्ली दिवसातून तीनदा पुसते. पुसून कोरडीही करते, हे बरं.

२६ मार्च, मंगळवार

बायको म्हणाली, "आईंना फार धाप लागते हो. घास हातातच राहतो."

जेवताना आईला म्हटलं, "बाबांकडून शीक जरा. तुझ्याहून आठ वर्षांनी मोठे, तरी रोजच्या चाळीस फेऱ्या. तू नुसती बसून असतेस, म्हणून धाप लागते."

"असेल रे," म्हणाली आणि गुडघा चोळत राहिली.

२९ मार्च, शुक्रवार

फाटकाशी टाकायला खुर्ची आणली. हातांची, जड, न हलणारी. तीन दिवस राहिले. एकदाही पडले नाहीत!

३० मार्च, शनिवार

सोळाव्या फेरीला वर धप्प आवाज झाला. धावलो. जमिनीवर आई, काठी तिच्या मुठीत. बाबा पलंगावर, उठता येत नव्हतं, नुसते तिला हाका मारत होते.

डॉक्टरांनी दोघांचेही एक्स-रे काढले. आईचं मनगट आजचं. बाबांचा खुबा दहा-अकरा दिवसांपूर्वीचा.

एकोणीस तारखेपासून मी मोजलेल्या सगळ्या फेऱ्या आईच्या होत्या.