खाडीकाठी रोवलेली काडी

प्रिय दादा,

काल वहिनीनं तुझा फोटो भिंतीवरून काढला. तिसऱ्या वर्षाचं श्राद्ध उरकलं, पाहुणे गेले, तिनं भांडी आवरली आणि स्टुलावर चढून फोटो खाली घेतला. फडक्यात गुंडाळून तांदळाच्या कोठीमागं ठेवून दिला. मी दारातच उभा होतो. मला म्हणाली, "भाऊजी, मी वरून आवाज देऊन राहिली होती, अन् हे हात हलवून थांब म्हणत होते. एका गाडीसाठी आमाले सोडून गेले ना?"

मी मान हलवली, दादा. हो म्हणून हलवली. म्हणून आज तलावाच्या पाळीवर, बांधावर बसून हे लिहितोय.

सहलीचं खूळ तुझंच. लवकर येणारा हलका धान निघाला होता, उशिराचा भारी अजून उभा होता, मधले आठ दिवस मोकळे. "आईले समुद्र दाखवाचा आहे," म्हणालास. आईनं जन्मात आपल्या दिघोरीच्या तलावापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. "त्यात काय पाहाचं? पानीच ना?" असं म्हणत सगळ्यांच्या आधी गाडीत तीच जाऊन बसली. तू दहा किलो घरचा तांदूळ डिक्कीत टाकलास. कोकणात भात खातात हे तुला कोणी सांगितलं नव्हतं का रे? दोन दिवसांचा रस्ता एकट्यानं चालवलास, मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाहीस.

समुद्र आपल्या वाट्याला एकच संध्याकाळ आला. आईनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि म्हणाली, "एवढं पानी, अन् धानाच्या एका बांधीच्या कामाचं नाही." तू हसत हसत वाळूत बसलास. तुझा तो हसरा चेहरा मला नीट आठवतो, नंतरचा आठवायचा नाही असं ठरवलंय.

दुसऱ्या दिवशी वादळ आलं. दोन दिवस आपण त्या भाड्याच्या खोलीत कोंडून होतो. वीज गेली, फोन गेले, आईच्या शुगरच्या गोळ्या संपत आल्या. तिसऱ्या सकाळी ऊन पडलं, पण बाहेर नेणारा खाडीकाठचा रस्ता सखल भागात बुडालेला. घरमालकीण काकू म्हणाल्या, "भरती-ओहोटी बघून निघा हो. वादळानंतर खाडीचा भरवसा नसतो." मी काय म्हणालो? "काकू, आम्ही तलावाच्या गावचे. पाणी आम्हाला कळतं."

गावचा पाणकर ना मी! तलावाचं तोंड कधी उघडायचं, कोणाच्या बांधीत किती पाणी सोडायचं, हे मी सांगणार आणि गाव ऐकणार. पाण्याच्या कडेला काडी रोवायची आणि वाट बघायची. पाणी काडी सोडून मागं गेलं की उतरलं. वरून पाऊस नसेल तर ते परत चढत नाही. आपल्या बापजाद्यांच्या तलावात कधी चढलेलं नाही.

तशीच काडी मी खाडीकाठी रोवली. दुपारपर्यंत पाणी हातभर मागं सरकलं. भरती हा शब्द मला शाळेपासून ठाऊक होता, पण ती किनाऱ्यावर येते, इतक्या आत डांबरी रस्त्यावर कशाला येईल, असं वाटलं. तू विचारलंस, "उतरलं का बे?" मी म्हणालो, "उतरलं."

सखलात गाडीची चाकं गाळात रुतली. आई आणि वहिनी घोटाभर पाण्यातून चालत पुढच्या चढावर गेल्या. तू म्हणालास, "जा, टॅक्टर घेऊन ये, मी चाकाखाली गोटे लावतो." आणि मग, दोघीही ऐकू येण्याच्या पलीकडं असताना, तू पुन्हा विचारलंस, "पानी चढन तं नाही ना बे?"

"पाऊस कोठी आहे दादा? पाऊस नाही तं पानी येईन कोठून?"

एवढंच बोललो आणि गेलो.

ट्रॅक्टर मिळायला उशीर झाला. परत आलो तेव्हा ट्रॅक्टरवाल्यानं चढावरच ब्रेक दाबला. "भरती लागली," म्हणाला. आभाळ निळं होतं, एक थेंब पडत नव्हता आणि गाडीचं नुसतं टप दिसत होतं. वहिनी ओरडत होती, आई खाली बसली होती. मी वेड्यासारखा आधी काडी शोधली. तू दुसऱ्या दिवशी सापडलास.

तू गाडीसाठी थांबला नव्हतास. पाणी पायाला लागलं तरी थांबलास, कारण धाकट्यानं सांगितलं होतं, चढणार नाही. हे मला माहीत आहे आणि तुला. तिसऱ्या कोणाला नाही.

तू सोडत का नाहीस रे मला? अजूनही रोज सकाळी मी आपल्या तलावाच्या कडेला काडी रोवतो. पाठ फिरवली की मागून पाण्यातून आवाज येतो, "उतरलं का बे?" वळून बघतो तर काडीच्या वरच्या, कोरड्या बाजूलाही ओल. परवा मी रोवलेल्या काडीशेजारी दुसरी काडी होती. पोरांनी रोवली असेल, असं म्हणून उपटली. लोक विचारतात, पाणी उतरलं का, तेव्हा माझ्या तोंडून तो शब्द निघत नाही. "पाहून सांगतो," म्हणतो. गावाला वाटतं, पाणकर शहाणा झाला.

दादा, तुझा राग येतो कधी कधी. मला दोनदा विचारलंस, मग वहिनी वरून हाका मारत होती तेव्हा तिचं का ऐकलं नाहीस? पण तिच्यापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवलास, यात तुझा काय दोष?

वहिनी आता अंगणात धान वाळवत असेल. मी इथून सरळ तिच्याकडं जाणार आहे. हे पत्र तिला वाचून दाखवीन, आई ऐकत असताना. मग ती मला घरात घेवो न घेवो, गाव तलावाच्या तोंडाची किल्ली माझ्या हातात ठेवो न ठेवो. फोटो मी टांगणार नाही. टांगायचा तर तिनं टांगावा, तुझ्यावरचा राग उतरल्यावर.

आणि तू विचारलंस ना, उतरलं का बे? नाही दादा. ते परत येणार होतं. मला माहीत नव्हतं, आणि मी माहीत असल्यासारखं बोललो.

तुझा धाकटा,
बबन