श्रावणातला रोहू

२६ जुलै १९९८, रविवार
आजपासून कॅच अँड रिलीज. मासा पकडायचा, ओल्या हाताने धरायचा, गळ अलगद काढायचा आणि लगेच पाण्यात सोडायचा. केबलवर गोरे लोक असंच करतात. आपल्याकडे अंडी भरलेली मादीसुद्धा कोणी सोडत नाही. लाज वाटली पाहिजे.
दारणा नदीवर पहिल्याच दिवशी रोहू लागला, चांगला हातभर. सविता म्हणाली, परवाच श्रावण लागला, तुमचं तत्त्वही त्याच मुहूर्तावर लागलं का? बायकोला योगायोग कळत नाहीत.
रोहू सध्या मोरीतल्या पिंपात. ओठ फाटलाय. बरा झाला की सोडणार.

२ ऑगस्ट, रविवार
ओठ बरा. पण नदीला पूर. अशा पाण्यात सोडणं अनैतिक.
कणकेच्या गोळ्या आवडीने खातो. सविता म्हणते, श्रावण संपेपर्यंत पोसताय. इतका हलका विचार!

९ ऑगस्ट
पोट फुगलंय. मादीच. नियमाप्रमाणे आजच सोडायला हवी. स्कूटर पंक्चर.
दाढी करताना ती पिंपातून बघते. माशाला पापणी नसते हे माहीत होतं, पण इतकं जाणवलं नव्हतं. पिंपावर परात झाकली. आत ती गोल गोल फिरते, ते आता ऑफिसातही ऐकू येतं. भीती वाटते.

१६ ऑगस्ट
दुपारी डुलकी लागली. स्वप्नात मी पिंपात आणि ती वरून कणीक टाकतेय. येत्या रविवारी नक्की.
बाजारातून येताना आमसुलं आणली. आमसुलं आमटीतही घालतात.

२३ ऑगस्ट, रविवार
श्रावण काल संपला. सविता म्हणाली, अहो, परवा गणपती बसतील, काय ते आजच करा. मी बादली उचलून थेट दारणा गाठली. हात ओले केले. सोडली. फार हलकं वाटलं.
पण ती जाईना. काठाशीच फिरत राहिली, पिंपाएवढ्याच गोलात. हुसकली, खडे मारले. ती परत परत माझ्या पायाशी येऊन तोंड उघडायची.
शेजारी गावातला नाथा गळ टाकून बसला होता. म्हणाला, "सायेब, सोडली ना तुम्ही? मंग आता ती नदीची हाय." त्याच्या गळावरच्या कणकेच्या पहिल्याच गोळीला ती लागली. मला थांब म्हणता आलं नाही. अर्धी त्याने मलाच दिली.
जेवताना सविताने विचारलं, कोणी मारली? मी नाथाचं नाव सांगितलं. पोटातली अंडी, गाभोळी, तिने सगळी माझ्याच ताटात वाढली. मी खाल्ली.