न्यायाधीशाचा डावा कान

दि. ४ मार्च

चि. ढब्बूस,

ताईचे अ. उ. आ. वाढदिवसाला पाठवते त्याहून थोडे जास्तच पाठवते आहे, कारण या खेपेला तुला ते लागतील.

फोन केला असता, पण एकतीस वर्षं विंगेत बसून नटांना वाक्यं कुजबुजत आले. आता मोठ्याने बोलायला गेले की खोकला येतो, आणि कुजबुजले की तू पलीकडून नुसता हॅलो हॅलो ओरडत बसतोस. तेव्हा पत्रच बरं.

रविवारी दुपारचा प्रयोग संपल्या संपल्या तू गाडी गाठलीस, पण तुझी क्लिप तुझ्या आधी घरी पोचली म्हणे. इथेही न्हाव्याच्या दुकानापासून बँकेच्या रांगेपर्यंत तोच विषय आहे. न्यायाधीशाचा काळा झगा, डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप, ऐन निकालाच्या वेळी तू थांबतोस आणि म्हणतोस, की मोर्चा काढला म्हणून कॉलेजच्या मुलांना महिनाभर कोंडून ठेवलंय, त्यांच्यावर आरोप काय, ते तरी कोणी सांगणार आहे का? निम्मे लोक तुला वाघ म्हणतात. उरलेले विचारतात, की टीव्हीवर लहान मुलांचा कासवमामा होऊन फिरणाऱ्या माणसाने सरकारच्या कारभारात नाक कशाला खुपसायचं. आमच्या व्यवस्थापकांनी तर मला भेटल्यावर नुसतं कपाळाला हात लावून दाखवलं.

आता माझं नीट ऐक. चूक माझी आहे. आपलं शाळेतल्या नाटकापासून ठरलेलं आहे, तू वाक्य विसरलास की डाव्या कानाची पाळी धरायचीस आणि मी वाक्य द्यायचं. नुसता थांबलास तर मी गप्प बसायचं. रविवारी तुझा हात वर गेला होता, मी पाहिला. पण त्या नव्या टोपाने तुझे दोन्ही कान झाकले होते आणि मला वाटलं, टोप सरकला म्हणून तू तो सारखा करतो आहेस. ‘न्यायालय आपला निकाल उद्या सांगेल’ हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर होतं. मी ते गिळलं, आणि तू तोंडाला येईल ते बोललास.

सोबत एक कागद जोडला आहे. नट वाक्य विसरला, ते देणं माझं काम होतं, मी ते केलं नाही, असं लिहून खाली सही केली आहे. तुझ्या वाहिनीवाल्यांना दाखव. माझी काळजी करू नकोस. त्या मोडक्या खुर्चीत बसायला दुसरं कोणी मिळणार नाही, हे आमच्या व्यवस्थापकांना चांगलं ठाऊक आहे.

भावजयीला आठवण सांग, ठकीचा गालगुच्चा घे. रागावला असशील तर रागाव, पण पत्र लिही.

तुझी,
ताई

---

दि. ९ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. साष्टांग आपला कागदावरच समज. बारा वर्षं ती स्पंजची कासवपाठ वाहून माझी खरी पाठ पार कामातून गेली आहे. हिच्याकडे दिवसभर लोक मान आणि कंबर सरळ करून घ्यायला येतात, पण घरच्या रोग्याला वेळ मिळत नाही.

तुझं पत्र वाचून आधी हसलो आणि मग दार लावून थोडा रडलो. तू म्हणतेस ते खरं आहे, मी विसरलो होतो. डोकं धुतल्यासारखं कोरं झालं. तुझ्याकडे बघितलं तर तू शांतपणे माझा टोप न्याहाळत बसलेली! त्या मुलांची बातमी सकाळीच वाचली होती आणि तेव्हापासून ती घशाशी होती, तीच बाहेर पडली. आता अनोळखी माणसं फोन करून माझ्या धैर्याचं कौतुक करतात आणि मी खोटं बक्षीस घेतल्यासारखा थँक्यू थँक्यू करतो. धैर्य कसलं ताई, मी कान धरून उभा होतो.

गुरुवारी कार्यक्रमप्रमुख बाईंनी बोलावलं. स्वतः उठून कॉफी दिली, तेव्हाच ओळखलं, काहीतरी बिनसलंय. दूधपावडरवाली कंपनी जाहिरात काढून घेते म्हणते, वरून कुणाकुणाचे फोन आलेत म्हणे. बाई वाईट नाहीत, पण घाबरल्या आहेत. त्यांनी एक कागद पुढे ठेवला. त्या दिवशी मी वाक्य विसरलो, भलतंच बोलून गेलो, ते माझं मत नाही, सर्वांची माफी मागतो. हे पुढच्या मंगळवारी कॅमेऱ्यासमोर वाचायचं, आणि तेही कासवमामाच्या पोशाखात, म्हणजे मुलांच्या आयांना बरं वाटेल. वाचलं तर पुढच्या वर्षाचा करार तयार आहे. नाही वाचलं तर कासव दुसरा.

तुझा कागद मी खिशात ठेवला आहे. त्याच्या जोरावर मला सगळं वाचता येईल, आणि पहिलं वाक्य तर खरंच आहे! मग मला झोप का येत नाही? हिला विचारलं. ती म्हणाली, की वाच किंवा वाचू नकोस, पण घरी आल्यावर तोंड पाडून बसू नकोस. ठकीला अजून काही सांगितलेलं नाही. तिच्या वर्गात ती कासवमामाची मुलगी म्हणूनच ओळखली जाते.

मला भीती वाटते ताई. या वयात नवीन काम कोण देणार? आयुष्यभर तू मला वाक्यं दिलीस, एवढं एक दे. काय करू ते कळव. मंगळवारच्या आत कळव.

भावोजींना नमस्कार. त्यांनी त्या दिवशी माझ्या तोंडावर दिवा इतका छान मारला नसता तर क्लिप एवढी पसरली नसती, असं त्यांना सांग.

तुझा कान धरलेला,
ढब्बू

---

दि. १२ मार्च

चि. ढब्बूस,

आशीर्वाद. पत्र आत्ताच हाती आलं आणि टपाल निघायच्या आत उत्तर टाकायचं आहे, म्हणून अक्षराला हसू नकोस.

काल तिकीटखिडकीपाशी एक बाई आल्या होत्या. शिवणाच्या शाळेत शिकवतात. त्या कोंडलेल्या मुलांपैकी एक त्यांचा आहे. तिकीट नको होतं. त्यांनी विचारलं, की न्यायाधीशाचं काम करणारे कुठे भेटतील. तू इथे राहत नाहीस म्हटल्यावर त्यांनी माझाच हात धरला. म्हणाल्या, की महिनाभर त्या प्रत्येक कचेरीत हाच प्रश्न विचारत हिंडल्या आणि खिडक्या बंद होत गेल्या. त्यांच्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी तो मोठ्याने विचारलेला त्यांनी पहिल्यांदाच ऐकला.

तू वाक्य विसरला होतास, हे मला त्यांना सांगता आलं नाही. त्या गेल्यावर मी विंगेत जाऊन बराच वेळ बसले. मी दिलेल्या कागदाची मला लाज वाटली, आणि तू परत पाठवशील तर बरं असंही वाटलं. मग ठकी डोळ्यांसमोर आली, तुझी पाठ आली, आणि तेही नको झालं. तेव्हा तो कागद तुझ्याचकडे राहू दे. तू तो दाखवलास तरी मी तुझीच ताई आहे आणि तुझ्याशी तितक्याच प्रेमाने भांडेन.

राहिलं तू मागितलेलं वाक्य. ढब्बू, मी फक्त पुस्तकात लिहिलेलं वाक्य देऊ शकते. मांडीवर उघडं पुस्तक असतं, त्यावर बोट असतं, म्हणून मला सगळं येतं असं तुला वाटतं. याचं पुस्तक माझ्याकडे नाही. असतं तर तुला वाक्यासाठी उपाशी ठेवून मी पान उलटलं नसतं रे.

हे म्हणतात, की दिवा त्यांनी मुद्दामच छान मारला होता.

तुझी,
ताई

---

दि. १८ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. आज साष्टांग खरोखर घातला असता, कारण पाठीवर काही नाही.

तुझं पत्र मंगळवारी सकाळी मिळालं. स्टुडिओत गेलो, कासव चढवलं. कॅमेऱ्यावर सरकत्या अक्षरांचा पडदा असतो, तो चालवणारी मुलगी माझ्याकडे बघून हसली. तिच्या लहानपणी ती माझा कार्यक्रम बघायची. पहिलं वाक्य मी खणखणीत वाचलं, की त्या दिवशी मी वाक्य विसरलो होतो. पुढची ओळ वर आली, ते माझं मत नाही. आणि मी थांबलो.

हात सवयीने डाव्या कानाकडे गेला. तिथे कासवाची टोपी. तरीसुद्धा मी वळून विंगेकडे बघितलं ताई, आणि तिथे फक्त भिंत होती. त्या मुलीला वाटलं मला ओळ दिसली नाही, म्हणून तिने ती तीनदा मागेपुढे केली. मला ती चांगली दिसत होती. मी म्हणालो, की नाटकातलं वाक्य विसरलो याबद्दल नाटक बघणाऱ्यांची माफी मागतो. जे बोललो ते मात्र माझंच मत आहे. आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी मी काहीही विसरलो नव्हतो.

हे कुठे दाखवलं जाणार नाही. बाईंनी तिथल्या तिथे कॅमेरा बंद करवला आणि पोशाख परत मागितला. पण पाठीमागची चेन अडकली! तीन माणसं लागली, शेवटी बाईंनीच माझ्या पाठीला पाय लावून ओढली. निरोप घेताना त्यांचे डोळे भरले होते. करार गेला. एका सिनेमाला आवाज द्यायचा होता, तेही काम गेलं.

ठकीला सांगितलं. ती खूप रडली. मग तिने विचारलं, की नव्या कासवाला माझ्यासारखं हळू चालता येईल का. मी म्हटलं, शिकवायला जाईन. रात्रीचं जेवण हिनेच केलं आणि मी तोंड पाडलं नाही, एवढी गोष्ट मी नक्की केली.

तुझा कागद मी कुणालाच दाखवला नाही आणि परतही देणार नाही. चाळीस वर्षांत तू स्वतःची चूक लिहून दिल्याचा तो एकमेव पुरावा आहे.

एक विचारायचं राहिलं. पुढच्या महिन्यात तुमच्या नाट्यगृहाच्या मदतीसाठी जो दुसरा प्रयोग ठरला होता, त्यात न्यायाधीश मीच आहे का? नसलो तरी स्पष्ट लिही. वाईट वाटून घेईन, पण तुझ्यावर नाही.

तुझा,
ढब्बू

---

दि. २७ मार्च

चि. ढब्बूस,

आशीर्वाद, आणि या खेपेला शाबासकीही. तुझं पत्र यांना वाचून दाखवताना माझा आवाज चक्क मोठा निघाला, शेजारीण बघायला आली.

समितीच्या दोन बैठका झाल्या. पहिलीत तू नको असं ठरलं. दुसरीला तुझे भावोजी बोलावणं नसताना जाऊन बसले. त्यांनी सांगितलं, की दुसऱ्या कुठल्या न्यायाधीशावर त्यांचा दिवा लागणार नाही, आणि दिव्यांच्या त्या जुन्या खोलीतली बटणं दुसऱ्या कुणाला कळत नाहीत. शेवटी ठरलं, न्यायाधीश तूच. व्यवस्थापकांची एकच अट आहे, पुस्तकात असेल तेवढंच बोलायचं. ही अट तुला कळवायचं काम माझ्याकडे होतं, ते मी केलं. काम मात्र आमच्याकडे वर्षातून एकदोनदाच असतं, बाकीच्या दिवसांचं काय, या काळजीने मलाही झोप नाही. सुट्टीत ठकीला इकडे पाठव, तेवढाच तुम्हा दोघांना श्वास घ्यायला वेळ मिळेल.

तिकीटविक्री सोमवारी सुरू झाली. त्या शिवणाच्या बाई सगळ्यांत आधी रांगेत होत्या. त्यांनी पहिल्या रांगेतली दोन तिकिटं घेतली, एक स्वतःचं आणि एक मुलाचं. मुलगा अजून आतच आहे. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, की दुसरी खुर्ची रिकामी राहिली तर कुणाला देऊ का. त्या म्हणाल्या, नको, राहू दे तशीच.

तुझा टोप मी घरी आणला आहे. डाव्या बाजूची दोन वळणं उसवून वर टाके घातले, आता कान अख्खा उघडा राहतो. न्यायाधीश जरा बावळट दिसेल, त्याला इलाज नाही. माझ्या खुर्चीतून तो कान स्वच्छ दिसतो, मी यांना टोप घालून उभं करून पाहिलं.

तेव्हा यापुढे चूक होणार नाही. हात कानाला गेला, की वाक्य आलंच म्हणून समज. नाही गेला, तर मी पुस्तक मिटून बसेन.

वाट पाहते,
ताई