बोरखेडीची दुसरी चौकट

बोरखेडी, कारंजा (घाडगे)
ता. ३ जानेवारी १९५८

प्रिय मधुकरराव,

आजवर मी तुम्हाला जेवढी पत्रं लिहिली त्या सगळ्यांवर जनपद सभेच्या कचेरीचा आवक क्रमांक पडला. वर 'माननीय महोदय', खाली 'आपली नम्र', आणि मध्ये छपराची फुटलेली कवेलू नाहीतर दाराची न लागणारी कडी. या पत्रावर कोणी क्रमांक टाकणार नाही, म्हणून हात जरा अडखळतो आहे. अक्षर वाकडं आलं तर चालवून घ्या. मुलांचं मी चालवून घेत नाही, पण तुम्ही घ्या.

दिवाळीच्या सुटीत तुम्ही आखून बांधलेल्या शाळा बघून आले. रोहण्याला ओसरीच्या मधोमध तुम्ही जो कडुनिंब ठेवलात, त्याच्यासाठी छपराला पाडलेलं भोक आता त्यालाच पुरत नाही. तिथले गुरुजी म्हणाले, झाड तोडावं का? मी म्हटलं, आधी छप्पर तोडा. कारंज्याला तुम्ही शाळेची पाठ नागपूर-अमरावती सडकेकडे केलीत, मुलांनी ट्रक मोजत बसू नये म्हणून. तुमचा डाव साफ फसला. मुलं आता कुंपणावर चढून ट्रक मोजतात आणि शंभरापर्यंतचे आकडे त्यांना त्यामुळेच येतात. मुंबईच्या मोठ्या कचेरीत बसून कधी वाईट वाटलं तर हे आठवा आणि हसा.

केळझरला मात्र मी बराच वेळ एकटी बसले, खाली, टाटपट्टीवर. बावन्न साली मी तिथे शिकवत असताना तुम्ही नव्या शाळेच्या नकाशाची गुंडाळी काखेत मारून आला होतात. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी मी बोलून गेले, 'साहेब, मुलं जमिनीवर बसणार आणि खिडक्या खुर्चीवरच्या माणसाच्या उंचीला. शाळा कोणाची?' शिपायाने जीभ चावली. तुम्ही रागावला नाहीत. इस्त्रीच्या विजारीनिशी जमिनीवर मांडी घातलीत, मान वर करून भिंत पाहिलीत आणि लाल पेन्सिलीने नकाशातल्या खिडक्या हातभर उंचीवर उतरवल्यात. तेव्हापासून तुमच्या नऊच्या नऊ शाळांत मुलांना बसल्याजागी शेत दिसतं, बैल दिसतो, टेकडी दिसते. साहेब लोक तपासणीला आले की म्हणतात, मुलांचं लक्ष बाहेर जातं. मी म्हणते, जाऊ द्या, परत येतं.

खिडकीचं मला इतकं का लागलं, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. सोळाव्या वर्षी माझा नवरा विषमज्वराने गेला. त्यानंतर आर्वीच्या सासरी मी तीन वर्षं मधल्या खोलीत काढली. तिथे एकच झरोका होता, पुरुषभर उंचीवर. त्यातून आभाळाचा एक तुकडा दिसे, माणूस दिसत नसे. वर्ध्याच्या आश्रमात शिकायला पाठवलं तेव्हा मी पहिल्या दिवशी काय केलं असेल तर खिडकीशी बसून रस्त्यावरची माणसं पाहिली.

मी विधवा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, माझ्या कागदांवर होतं. बोरखेडीला ठाऊक नव्हतं. आता त्या दिवसाचं लिहिते. चार वर्षं मनात इतकं घोळवलं आहे की सगळं मुखपाठ झालं आहे.

चौपन्न सालची वसंत पंचमी. इथल्या शाळेच्या दाराची चौकट बसायची होती, आणि नवी शाळा कोण चालवू शकेल ते पाहायला म्हणून जनपदाने मलाही धाडलं होतं. कारंज्याहून आपण एकाच बैलगाडीत आलो. टिकाराम मिस्त्रीने सागाची चौकट उभी धरली होती. तिच्यासमोर दोन पाट मांडले होते, आणि तुम्ही एकावर बसलात. तेवढ्यात गोंडपुऱ्यातली रामबाई पुढे आली. या गावात तिच्या शब्दापुढे पाटलाचंही चालत नाही. तुम्हाला म्हणाली, 'सायेब, बाईले बाजूले बसवा ना. जोडीनं बसल्याबिगर चौकट बसत नाई.'

तिची काय चूक? माझ्या अंगावर खादी, गळा मोकळा, कपाळ मोकळं. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात एका नजरेत ओळखलं असतं. पण या वर्धा जिल्ह्यात खादीवाल्या आश्रमातल्या लग्न झालेल्या बायासुद्धा तशाच हिंडतात. रामबाई मला म्हणालीसुद्धा, 'गांधीवाल्या बाया लेत नाई, मालूम हाय मले. पन आजच्या दिवस कुकू लाव, पोरी.' आणि तिने लावलं. आठ वर्षांनी. बोट खरखरीत होतं तिचं.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर सगळं तिथेच थांबलं असतं. मीही बोलू शकले असते. तुम्ही फक्त सरकून जागा केलीत आणि मी बसले. नारळ फुटला, टिकारामने चौकटीला हळद लावली, लोकांनी अक्षता टाकल्या. अक्षता चौकटीसाठी होत्या, पण त्यातल्या पुष्कळ आपल्या डोक्यावर पडल्या.

परतताना आपण त्याच गाडीत होतो. कारंज्याची घरं दिसू लागली तेव्हा तुम्ही रुमाल पुढे केलात आणि म्हणालात, 'पुसायचं असेल तर.' मला वाटलं, हे लाजले, लोक बघतील म्हणून घाबरले. मी खसाखसा पुसलं आणि रुमाल तुमच्या हातात परत दिला. फार उशिरा लक्षात आलं की तुम्ही 'पुसा' म्हणाला नव्हतात. तुम्ही मला विचारत होतात, आणि मी उत्तर देऊन मोकळी झाले होते. मुलांना रोज सांगते, प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. बाईंना कोण सांगणार!

नंतरच्या तीन शाळांच्या वेळी आपण चुना, रेती आणि कवेलू यांच्यावरच बोललो. मग छप्पन्नच्या नोव्हेंबरात आपला मुलूख मुंबई राज्यात गेला आणि त्याच्याबरोबर तुम्हीही गेलात. स्टेशनवर मी आले नव्हते असं तुम्हाला वाटत असेल. आले होते. मालडब्याच्या आडोशाला उभी होते. गाडी हलेपर्यंत तुम्ही खिडकीत होतात, हे मला माहीत आहे.

गेल्या जूनमध्ये माझी बदली इथे झाली. मोटरीतून उतरले तर रामबाई करंडा घेऊन हजर. 'आली माय आमच्या सायबाची बाई!' तिने कुंकू लावलं. मी तेव्हाही बोलले नाही. मधुकरराव, सहा महिने मी या गावात तुमची बायको म्हणून राहते आहे. रोज सकाळी कुंकू लावते. आर्वीला सासूबाईंना भेटायला जाताना मोटरीच्या थांब्यावर पुसते, परत येताना तिथेच लावते. बाया विचारतात, 'सायेब कवा येते?' मी सांगते, मुंबईत फार काम असतं. पहिल्यांदा खोटं बोलताना कान तापले होते. आता लाज वाटते ती याची की कान तापत नाहीत. खोटं वाटेनासं झालं आहे. मला तुमची आठवण येते म्हणण्यापेक्षा मी तुमची वाट पाहते म्हणावं, कारण रोज पाहते.

आता बातमी. शाळेत एकोणसाठ मुलं झाली आणि दुसरी खोली मंजूर झाली. नकाशा तुमचाच जुना, खिडक्या तेवढ्याच खाली. येत्या वसंत पंचमीला चौकट बसायची आहे. रामबाईने फर्मान काढलं, पहिल्या चौकटीला जी जोडी बसली तीच दुसरीला बसेल, सायबाला बोलवा. माझी झोप उडाली. गावाला फसवलं ते फसवलं, पण पोरांच्या शाळेची चौकट जाणूनबुजून खोट्यावर बसवायची हे माझ्याने होईना.

म्हणून परवा दुपारी रामबाईकडे गेले. ती अंगण सारवत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: मी विधवा आहे, तुम्ही माझे कोणी नाही, माझ्यामुळे तिची पूजा बाटली, आणि तिने म्हटलं तर मी बदली मागून जाईन. ती सारवतच राहिली. मला वाटलं, आता शेणाचा हातच बसतो. मग तिने वर पाहिलं आणि विचारलं, 'चार वरसं झाले. तो चौकट हालला काय?' मी म्हटलं, नाही. 'दरवाजा अटकते?' नाही. 'मंग? जोडी खोटी असती त टिकला असता काय तो?' पुन्हा सारवायला लागत म्हणाली, 'आमच्यात नवरा मेला त बाई दुसरं घर करते. तुमच्यात काऊन नाई, ते तुमचं तुमाले मालूम. माह्या तोंडून गावात जानार नाई. पन आता मले नको सांगू. त्याले सांग.'

म्हणून हे पत्र. टिकाराम दसऱ्याला मुलाकडे मुंबईला गेला होता, त्याने येऊन सांगितलं, 'सायेब एकलेच राह्यते, खानावळीत जेवते.' तेवढ्याच आधारावर लिहिते आहे. दया म्हणून येऊ नका, आणि गावाची समजूत राखायला म्हणूनही येऊ नका. तुम्ही आला नाहीत तर पंचमीला सकाळी मी कुंकू पुसून गावापुढे खरं सांगेन आणि त्या पाटांवर टिकाराम आणि त्याची बायको बसतील. शाळा अडणार नाही. पण आलात तर आर्वीवरून या. सासूबाईंना आपण दोघांनी मिळून सांगायचं आहे, ते मला एकटीला जमणार नाही. रुमालाची गरज पडणार नाही. पाट मी स्वतः मांडीन, आणि या वेळी आधी मी बसेन. तुम्ही आलात की सरकून जागा करीन.

तुमचीच,
सुलोचना