लिंबूटिंबू

रविवार संध्याकाळ, एचएसआर, बंगळूर

इरा आंघोळीला गेलीय, तेवढ्यात लिहून टाकते.

आज दिवसभर तिच्याबरोबर बोर्ड गेम्सच्या मेळ्यात होते. टेबलावर तिच्या दोन कन्नड मैत्रिणी. नियम मला दोनदा समजावले, तरी मी माझी पिवळी गाडी भलत्याच शहरात नेऊन ठेवली. कुणी हरकतच घेतली नाही. मग लक्षात आलं, माझे गुण कुणी मांडतच नव्हतं.

इरा मैत्रिणींना म्हणाली, "शी इज लिंबूटिंबू, लेट हर."

हा शब्द तिला मीच शिकवलेला. लहानपणी मोठी मुलं तिला लपाछपीत घ्यायची, पण तिच्यावर राज्य येऊ द्यायची नाहीत. ती रडायची, तेव्हा मी सांगायचे, अगं, लिंबूटिंबूची मजाच असते. कसली मजा?

दुपारी डोसा खाताना म्हणाली, "आई, बारावीनंतर मी पुण्याला बाबाकडे राहणार. तिथल्या कॉलेजचं नक्की झालंय. तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "नको जाऊस. मी इथे एकटी काय करू?"

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, माझ्या हातावर हात ठेवला. "सरी," म्हणाली, कन्नडमधलं 'बरं', आणि उठली. नक्की झाल्यावर विचारतात कशाला?

पुढच्या डावातही पिवळी गाडी मलाच दिली. "आई, तुझी पाळी." आवाज तोच, 'तुला काय वाटतं' विचारतानाचा, प्रेमळ.

मी गाडी सरकवली. कुठे ठेवली, ते कुणी बघितलं नाही.