खांड्याचं ताट

२ डिसेंबर १९८६, मंगळवार, नेपरव्हिल

पोचले एकदाची. शिकागोच्या विमानतळावर कस्टमवाल्याने लांब पेटी उघडायला लावली आणि आत तलवार बघून आणखी चौघांना बोलावलं. राजवाड्याचे कारभारी जगन्नाथबाबू कागद दाखवता दाखवता घामाघूम झाले. मला हसू आवरेना. लग्नाला पंधरा दिवस नाही झाले, तर नवरा कस्टममध्ये अडकला.

हा खांडा म्हणजेच माझे यजमान. धवलगढचे युवराज प्रतापसिंह आजारी, इथे उपचार चाललेत, म्हणून माझं लग्न त्यांच्या खांड्याशी लागलं. आम्हा सरदार घराण्यांत याचं नवल नाही. धाकट्या आत्याचे यजमान फौजेत होते, तिचंही असंच लागलं. आबासाहेब म्हणाले, हिमालयातलं एवढंसं राज्य, पण राज्य ते राज्य. पोरगी उद्याची राणी होणार. घर प्रशस्त आहे, गालिच्यात पाय रुततात. युवराज दवाखान्यातून शनिवारी येणार आहेत. मी जांभळी पैठणी काढून ठेवली.

६ डिसेंबर, शनिवार

आले नाहीत. पुढच्या शनिवारी, म्हणे.

युवराज्ञीचं काम काय, तर सकाळी नटूनथटून फोटो काढून घ्यायचा, राजवाड्याच्या पत्रांवर सह्या करायच्या आणि दुपारी बाराला खांड्याचं ताट वाढायचं. टेबलाशी समोरच्या खुर्चीत खांडा उभा. त्याला वाढून मान खाली घालून पाव तास गप्प बसायचं, मग आपण जेवायचं. ताट जसंच्या तसं परत जातं. युवराजांचं नाव घरात कुणी उच्चारत नाही. राजघराण्याची अदब असेल.

९ डिसेंबर, मंगळवार

इंग्रजी शिकवायला सुलेखा येते, मंगळवारी आणि गुरुवारी. पुण्याची मुलगी, शिकागोत एम.एस. करते, ट्रेनने येते. खांड्याची हकिकत ऐकून म्हणाली, "यार, नवऱ्याला पाहिलंच नाहीस? मग निदान नाव तरी घे." ताट वाढलेलंच होतं. मीही पेटले आणि जुळवलं:

बर्फाखाली झाकली अंगणातली वाट,
प्रतापरावांनी यावं, वाढून ठेवलंय ताट.

दोघी पोट धरधरून हसलो. दारात जगन्नाथबाबू उभे होते. मराठी त्यांना थोडंफार समजतं. चेहरा पांढराफटक पडला. सुलेखा गेल्यावर म्हणाले की नाव घेऊन जेवायला बोलवायचं नव्हतं. का, ते सांगितलं नाही.

१० डिसेंबर, बुधवार

मान वर केली तेव्हा ताटातला भात संपला होता. आमटीची वाटी बोटांनी निपटलेली. जगन्नाथबाबू बाहेर, पाठ करून उभे.

१३ डिसेंबर, शनिवार

युवराज आले नाहीत. मी विचारलंही नाही.

जेवताना समोरची खुर्ची करकरली. भीती वाटायला हवी होती. मी हातातला घास संपवला, एवढंच. पैठणी परत बॅगेत ठेवली.

१६ डिसेंबर, मंगळवार

सुलेखाने युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून एका वर्तमानपत्राची झेरॉक्स आणली. चार ओळींची बातमी. धवलगढचे युवराज सप्टेंबरात शिकागोत वारल्याचं कळतं, राजवाड्याचा इन्कार. माझं लग्न नोव्हेंबरातलं.

जगन्नाथबाबूंनी नाकारलं नाही. महाराज थकलेत, म्हणाले, आणि युवराज गेल्याचं मान्य केलं तर गादी पुतण्याकडे जाते. युवराज्ञी ताट वाढते आहे तोवर युवराज हयात. माझा पासपोर्ट त्यांच्या कपाटात आहे.

सुलेखा म्हणाली, पासपोर्टचं कॉन्सुलेटमध्ये बघू. गुरुवारी बाराच्या आत मित्राची गाडी घेऊन येते, मी फक्त दारापर्यंत जायचं. ताटाचं मी तिला सांगितलं नाही. काय सांगणार. रडूही आलं नाही. मी विधवा कधीपासून, याचा हिशेब करत बसले. लग्नाआधीपासून.

१७ डिसेंबर, बुधवार

आज भात दोनदा वाढावा लागला.

१८ डिसेंबर, गुरुवार

बॅग भरली. जगन्नाथबाबू पोस्टात गेलेत. घरात मी एकटी. पावणेबारा. गाडी येईपर्यंत इथे टेबलाशी बसून लिहिते आहे. आज ताट वाढलेलं नाही.

गाडी आली.

उठता येत नाही. पदर टेबलापलीकडून कुणी —

बेल. पदर सुटला. पाय हलत नाहीत.

दार उघडलं. मी नाही उघडलं —

पुरुषाचा आवाज. घोगरा, पण किती आर्जवी. इंग्रजीत सांगतोय की वाइफ जेवायला बसते आहे, आज क्लास नको. सुलेखा काहीतरी विचारते आहे. तो हसला. तीही हसली —

हाक मारायला हवी. तोंड उघडलंय. आवाज —

ती दारातूनच ओरडली, "पद्मिनी, यार, बातमी फेक निघाली. हे तर एकदम ठणठणीत आहेत. काँग्रॅट्स."

गाडी गेली.

कडी लागली. पावलं इकडे. वाढायला हवं, उशीर झाला — भात थंड — ते म्हणताहेत, भात राहू दे, तूच इकडे ये, म्हणजे मला —