हरिप्रसादजींना दिसलेली बस

पोर्ट लुई,
१२ ऑगस्ट १९६२

तीर्थरूप चंद्रमोहनमामा यांच्या चरणी सत्यदेवचा साष्टांग नमस्कार.

मामींचा गुडघा आता कसा आहे? तुमच्या बों अक्योयला यंदा ऊसतोडणी वेळेवर सुरू झाली असं ऐकलं, बरं वाटलं. गाय व्याली का? आम्ही इकडे सगळे सुखरूप आहोत, म्हणजे बाकीचे सुखरूप आहेत. मी जिवंत आहे. दारावर कुणी थाप मारली की मी लपायला जागा शोधतो (काल पाववाला आला तर मी कपाटामागे गेलो), पण ताप वगैरे नाही. हे सगळं कशामुळे झालं ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहावं म्हणून हे पत्र.

आपली कुंती आणि तिची मैत्रीण निर्मला, दोघी शाळेत शिकवतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. निर्मला चित्रंही काढते. या दोघींनी मिळून ठरवलं की बेटावरच्या नव्या पोरापोरींनी काढलेली नव्या तऱ्हेची चित्रं लोकांना दाखवायची. त्यासाठी बाजारामागचं एक कापडाचं दुकान पाहिलं. जुना दुकानदार गेलेला, नवा यायचा आहे, मधले थोडे दिवस जागा रिकामी. तेवढ्यात चित्रं टांगायची, लोकांना बोलवायचं आणि पुन्हा उतरवून मोकळं व्हायचं. (नव्या तऱ्हेचं चित्र म्हणजे काय असं मीही विचारलं. त्यात काय आहे ते काढणारा सांगत नाही. उलट आपल्यालाच विचारतो, तुम्हाला काय दिसतं? मला भीती दिसते असं मी म्हणालो, तर दोघी खूश झाल्या.) आता जागेचं भाडं, दिवे, लाकडी चौकटी, सगळ्याला पैसे लागणार. आपल्या मंडळाकडे गेल्या, तर देवादिकांची चित्रं असतील तर देतो म्हणाले. मग कुंती माझ्याकडे वळली. "दादा, तू सरकारी माणूस आहेस. तुझा कोट बघून लोक खुर्ची देतात. तू नुसता शेजारी बस, बोलीन मी." सरकारी नोकराने लोकांकडून वर्गणी मागायची नाही असं आमच्या साहेबांनी डोळे वटारून सांगितलेलं आहे, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तू कुठे मागतोयस? तू बसतोयस." एवढ्यावर मी गेलो, मामा. तुम्ही जवळ असता तर मला थांबवलं असतं.

रिव्हिएर दू रांपारला हरिप्रसादजी म्हणून बसमालक आहेत. माणूस दिलदार. देवळाच्या घंटेपासून फुटबॉलच्या चेंडूपर्यंत सगळं त्यांनी दिलेलं. पण आवाज असा, की ते बोंजूर म्हणाले तरी आपला काहीतरी गुन्हा झालाय असं वाटतं. शिवाय कुत्रा. आम्ही नमुन्यादाखल निर्मलाचं एक चित्र चादरीत गुंडाळून नेलं होतं. ते मी कुत्र्याच्या आणि माझ्या मध्ये धरून आत गेलो. हरिप्रसादजींनी माझ्या कोटाकडे पाहिलं, खुर्ची दिली, मी कुठल्या ऑफिसात आहे ते विचारलं. मी सांगितलं. (खोटं कसं सांगणार?) मग कुंतीने चादर काढली. चित्रात लाल रंग, काळा रंग, आडवं झालेलं काहीतरी आणि दोन-तीन गोल.

"की एते सा? हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

कुंती सवयीप्रमाणे म्हणाली, "तुम्हाला काय दिसतं?"

मामा, त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालेलं मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी उठून खिडकी लावली. "कुणी सांगितलं तुम्हाला?" असं इतक्या हळू विचारलं की कुत्रासुद्धा उठून बसला. कुंती बिचारी चित्रकलेबद्दलच बोलत होती. ती म्हणाली, "सांगायला कशाला हवं? नीट बघितलं की कळतं." झालं. हरिप्रसादजी माझ्याकडे वळले आणि हात जोडून बोलू लागले. गेल्या वर्षी तोडणीच्या दिवसांत त्यांची बस वळणावर उसात कलंडली होती. माणसं वाचली, पण नंदलाल ड्रायव्हरने भरधाव हाकली असं ठरलं, सगळा दोष त्याच्यावर आला आणि त्याची नोकरी गेली. "त्याने टायर गुळगुळीत झालेत म्हणून दोनदा सांगितलं होतं," हरिप्रसादजी म्हणाले. "मी म्हटलं, एवढी तोडणी होऊ दे. पोलिसांना हे सांगितलं नाही. मिस्ये, साहेब, मला बायकामुलं आहेत." मलाही आहेत असं सांगायचं होतं, पण मी नुसता कोटाची बटणं लावत बसलो. ते आत गेले, जाड पाकीट आणून कुंतीच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "जे काय दाखवायचं ते दाखवा. हे एवढं टांगू नका."

परत यायला बस त्यांचीच. दुसरी नाही. प्रत्येक वळणाला मी समोरचा दांडा आणि देवाचं नाव दोन्ही घट्ट धरलं. कुंतीला वाटत होतं वर्गणी मिळाली. मी तिला समजावलं, की कोट घातलेला सरकारी माणूस कुणाच्या घरी जातो, त्याचं गुपित उघडं करतो आणि पाकीट घेऊन निघतो, याला वर्गणी म्हणत नाहीत, याला तुरुंग म्हणतात. तिने पाकीट मांडीवर उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाली, "पाकीट परत करायचं. आणि चित्र टांगायचं." मी म्हणालो, दोन्ही नको, आपण चित्र समुद्रात टाकू आणि पाकीट देवळात. तिने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. साहेबांनी घंटी वाजवली की मी जेवणाचा डबा घेऊन उभा राहायचो, नेतील तिथे निदान खाता येईल म्हणून. एक दिवस खरोखरच एक पोलीस आमच्या ऑफिसात आला. त्याने काही विचारायच्या आत मी बोलून गेलो, "ते चित्र माझं नाही." तो म्हणाला, "कुठलं चित्र?" मी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. त्याला पाणी प्यायचं होतं.

तिकडे कुंती-निर्मलाने दुकानाच्या मालकाला भाड्यासाठी थांबायची गळ घातली, शाळेतून दिवे उसने आणले आणि प्रदर्शन उघडलं. लोक आले. काही हसले, काही डोकं खाजवत उभे राहिले, एक म्हातारी चित्रासमोर हात जोडून गेली. आणि दुपारी हरिप्रसादजी आले. हातात काठी. मी पडद्यामागे होतो (पडदा धरायला कुणीतरी हवंच होतं). ते चित्र समोरच्याच भिंतीवर. त्याखाली निर्मलाने नाव लिहून लावलं होतं, 'आईची चूल'. हरिप्रसादजींनी ते एकदा वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"ही चूल आहे?"

"हो," निर्मला म्हणाली. "ही चूल, हा तवा, या रोट्या."

"आणि बस?"

"कुठली बस?" तिला खरंच काही ठाऊक नव्हतं. कुंतीने तिलाही सांगितलं नव्हतं.

कुंतीने पुढे होऊन पाकीट त्यांच्यासमोर धरलं. "आम्हाला काहीच माहीत नव्हतं, काका. तुम्हीच सांगितलंत."

त्यांची काठी वर गेली. मी डोळे मिटले. मार कुणाला पडला ते आवाजावरून ओळखावं म्हणून कान दिले, तर आवाज आला तो काठी जमिनीवर पडल्याचा. उघडून बघतो तर एवढा मोठा माणूस खोक्यावर मटकन बसलेला. "त्या दिवसापासून मला सगळीकडे तीच दिसते," ते म्हणाले. "ताटातल्या रोटीतसुद्धा." मग कुंती त्यांच्याजवळ बसली आणि शाळेतल्या मुलाला समजवावं तशी म्हणाली, "नंदलालला कामावर घ्या. टायर बदला. आणि जिथे सांगायचं तिथे खरं सांगा. मग ही चूल दिसेल." माझ्या बहिणीला कशाचीच भीती कशी वाटत नाही, मामा? ती कुणावर गेली?

हरिप्रसादजी पाकीट न घेताच उठले आणि मला वाटलं, आता सरळ माझ्या साहेबांकडे जाणार. ते गेले पोलीसठाण्यात. स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं, दंड भरला. नंदलाल पुन्हा बस चालवतो आहे, टायर नवे आहेत, मी खाली वाकून बघितले. पाकिटाबद्दल निरोप आला, की ते आता चित्रांसाठी ठेवा, आणि ते चित्र मी विकत घेतो. सध्या ते त्यांच्या ऑफिसात आहे. नव्या ड्रायव्हरला ते समोर उभं करतात आणि कलंडलेली बस दाखवतात. निर्मला फार चिडली आहे. ती म्हणते, चूल ती चूल.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. माझ्यासाठी देवाजवळ दोन शब्द बोला.

आपला भेदरलेला भाचा,
सत्यदेव

ता.क. – लिहायचं राहिलं. दोघींना आता गावातल्या लोकांना चित्रं दाखवायची आहेत. तुमची खताची शेड सध्या रिकामी आहे असं मीच चुकून बोलून गेलो. थोडे दिवस मिळेल का?

ता.क. २ – तुमच्या उत्तराची वाट बघावी असं मी म्हटलं होतं. पण चित्रांचं गाठोडं कुंतीने आज सकाळीच बों अक्योयच्या बसवर चढवलं.

ता.क. ३ – नाही म्हणण्याआधी गाठोडं एकदा सोडून बघा. वरचंच चित्र हिरवं आहे. निर्मला म्हणते, त्या दोन बहिणी आहेत. मला मात्र उसाची दोन शेतं दिसली, मध्ये हद्दीचे दगड आणि एक दगड उचलून तुमच्या शेजारच्या इंद्रदेवकाकांच्या बाजूला सरकवणारं कुणीतरी. मामा, मी कुणाला काही विचारलेलं नाही. तुम्हीही मला काही सांगू नका. फक्त शेडचं काय ते कळवा.